गर्दीतून मोटारसायकल पुढे कशी काढावी आणि अंगावर येणाऱ्या चालकापासून कसे सुटावे

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी मोटारींच्या रांगा थांबल्या तरी दुचाकी थांबत नाहीत. दोन रांगांमधल्या फटीतून त्या पुढे सरकत राहतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती नीट शिकून घेण्याची गोष्ट आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात फटीत शिरणे हे वाहनचालनातले अवघड काम आहे. ते करायचेच असेल, तर एक नियम सर्वांत आधी पाळावा : बाहेर पडण्याची जागा डोळ्यांना दिसल्याशिवाय आत शिरू नये.

प्रथम कायद्याची बाजू समजून घ्यावी. पट्टे आखलेल्या रस्त्यावर आपल्या पट्ट्यातूनच वाहन चालवावे, इशारा देऊनच पट्टा बदलावा आणि पुढच्या वाहनाला सर्वसाधारणपणे उजवीकडूनच ओलांडावे, असे आपल्याकडचे वाहनचालनाचे 2017 चे विनियम सांगतात. रांगांमधून पुढे जाण्याची वेगळी मुभा त्यांत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2017 पासून कायद्यात या प्रकाराची व्याख्या करून त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तसे काही नाही. त्यामुळे टक्कर झाल्यास आपण फटीत होतो ही गोष्ट आपल्याविरुद्ध जाऊ शकते, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

वेगाचा निर्णय त्यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये सुमारे सहा हजार मोटारसायकल अपघातांच्या नोंदी तपासल्या. आजूबाजूच्या वाहनांपेक्षा दुचाकीचा वेग ताशी 15 मैलांहून, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरहून अधिक असेल, तर दुखापतीचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. तिथल्या महामार्गावर मध्येच रिक्षा वळत नाही आणि दोन मोटारींमधून माणूस रस्ता ओलांडत नाही, म्हणून आपल्याकडे ही मर्यादा बरीच खाली आणली पाहिजे. रांग थांबलेली असेल, तर ताशी दहा-पंधरा किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये. ताशी 15 किलोमीटरने जाताना एका सेकंदात गाडी साधारण चार मीटर पुढे जाते, तीसने जाताना आठ मीटरांहून अधिक. उघडणारे दार दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर आधीच संपलेले असते. रांग सुटून वाहने ताशी तीसच्या आसपास धावू लागली, की फट सोडून आपल्या पट्ट्यात यावे.

शिरण्यापूर्वी गाडीची रुंदी लक्षात घ्यावी. आरसे धरून बहुतेक मोटारसायकली पाऊण मीटरहून रुंद भरतात आणि मागे बसलेल्याचे गुडघे, पाठीवरची सॅक किंवा डिलिव्हरीची पेटी यांमुळे ती रुंदी आणखी वाढते. पुढे टाकीवर मूल बसवले असेल, तर फटीचा विचारच करू नये. गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पाय फूटरेस्टवर ठेवून चालवावी; पाय जमिनीवर घासत नेल्याने तोल सुधारत नाही, उलट मागच्या ब्रेकवरचा पाय हरवतो. इतक्या कमी वेगात हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक झटकन दाबला, तर गाडी जागीच आडवी होते. म्हणून वेग मागच्या ब्रेकने आवरावा आणि पुढच्या ब्रेकवर दोन बोटे नुसती तयार ठेवावीत.

नजर मोटारींच्या पुढच्या चाकांवर ठेवावी. मोटार हलण्याआधी तिचे चाक वळते आणि इंडिकेटर न देणारा चालकसुद्धा चाक लपवू शकत नाही. शेजारच्या रांगेत मोकळी जागा झाली, की ती भरण्यासाठी कोणीतरी आडवे येणारच, असे समजून तिथे पोहोचण्याआधी वेग कमी करावा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे डावीकडच्या मोटारीचा चालक आपल्याला त्याच्या उजव्या आरशात पाहू शकतो. उजवीकडच्या मोटारीचा डावा आरसा मात्र अनेकदा मिटलेला असतो आणि त्याच बाजूचे दार उघडून प्रवासी उतरतात. त्यामुळे फटीत शक्य तेवढे डावीकडच्या रांगेला धरून असावे. रेल्वे स्थानकाजवळ आणि शाळा सुटण्याच्या वेळी कोंडीतच उतरण्याची घाई सर्वांना असते, हे वेगळे लक्षात ठेवावे.

बस, ट्रक आणि डंपर यांच्याबाबत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. अवजड वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि डाव्या बाजूला पदपथालगत उभा असलेला दुचाकीस्वार त्या कोपऱ्यात सापडतो. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. त्यामुळे अशा वाहनाच्या डावीकडून, किंवा दोन अवजड वाहनांच्या मधून, कधीही जाऊ नये. त्याचप्रमाणे सिग्नलपर्यंत पोहोचल्यावर डंपरच्या तोंडाशी अगदी चिकटून थांबू नये, कारण उंच केबिनमधून नेमका तेवढाच भाग दिसत नाही. दोन-तीन मीटर पुढे किंवा बाजूला, चालकाला आपले हेल्मेट दिसेल अशा ठिकाणी थांबावे. तशी जागा केवळ झेब्रा क्रॉसिंगवर मिळत असेल, तर मागेच थांबावे, कारण ती जागा पादचाऱ्यांची आहे.

डिव्हायडरच्या कडेची फट मोहक दिसते, परंतु तिथे वाळू आणि खडी साचलेली असते आणि एका बाजूला सुटकेची जागाच नसते. पावसाळ्यात पट्ट्यांचा पांढरा रंग, चेंबरची झाकणे आणि कामांसाठी टाकलेले लोखंडी पत्रे निसरडे होतात, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. त्या दिवसांत रांगेतच राहणे उत्तम. एखादी मोटार पुढे रस्ता मोकळा असूनही थांबली असेल, तर ती कोणाला तरी वाट देत आहे असे मानून आपणही थांबावे, कारण बसच्या आडून येणारा माणूस शेवटच्या क्षणी दिसतो.

आता अंगावर येणाऱ्या चालकाविषयी. आपण ज्याला मुद्दाम मारलेला कट म्हणतो, तो पुष्कळदा न पाहता केलेला असतो, आणि हे आधी मान्य केल्याने निम्मा राग तिथेच शमतो. हॉर्न एकदा, आखूड वाजवावा. हात उगारणे, काचेवर थाप मारणे किंवा आरसा दुमडणे यांपैकी काहीही करू नये. दीड टनाच्या मोटारीपुढे आपले हाड हीच एकमेव ढाल आहे. मागून कोणी सारखा डिपर देत असेल, तर इंडिकेटर देऊन डावीकडे सरकावे आणि त्याला जाऊ द्यावे. त्याला धडा शिकवण्यासाठी अचानक ब्रेक मारणे जीवघेणे ठरते. एखाद्याने मुद्दाम फट बंद केली, तर ती जागा त्याला देऊन मागे राहावे. त्याला चुकवण्यासाठी वेग वाढवला, की वर सांगितलेली सर्व काळजी वाया जाते.

आपल्याकडून एखाद्या मोटारीला घासले असेल, तर पळून जाऊ नये. कडेला थांबून ‘माफ करा, माझी चूक झाली’ असे स्पष्ट म्हणावे, नुकसानीचे आणि दोन्ही नंबरप्लेटचे फोटो घ्यावेत. कोणी जखमी असेल, तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार बंधनकारक आहे.

समोरचा माणूस शिव्या देत गाडीतून उतरू लागला आणि आपल्याकडून काहीही लागलेले नसेल, तर संवाद साधण्याचा प्रयत्न करू नये. हेल्मेट डोक्यावरच ठेवावे, इंजिन चालू ठेवावे आणि पुढे सरकता येईल एवढी जागा आधीच राखावी. म्हणूनच सिग्नलला पुढच्या गाडीला चिकटून थांबणे चुकीचे आहे. तो पाठलाग करू लागला, तर घरी किंवा निर्जन गल्लीत जाऊ नये. गजबजलेला पेट्रोल पंप, वाहतूक पोलीस असलेला चौक किंवा पोलीस ठाणे गाठावे, गाडी थांबवून 112 वर फोन करावा आणि वाहनाचा क्रमांक, रंग, ठिकाण आणि वेळ सांगावी. चालत्या गाडीवरून मोबाइलवर चित्रीकरण करू नये. हेल्मेटवर कॅमेरा असल्यास त्यातील फीत जपून ठेवावी.

धोकादायक वाहनचालनासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम 184 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बेदरकार वाहन चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम 281 ही लागू होऊ शकते. तक्रार लिहिताना आपला राग नव्हे, तर घडलेला क्रम मांडावा : कोण कोणत्या पट्ट्यात होता, काय केले, किती वेळा केले. आपण स्वतः फटीत होतो, तर तेही लपवू नये, कारण कलम 184 चालकाला जसे लागू आहे, तसे दुचाकीस्वारालाही आहे.

अशा प्रसंगानंतर हात थरथरत असताना लगेच पुन्हा गर्दीत शिरू नये. पाच-दहा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, हँडल सरळ आहे का, ब्रेकचा दांडा वाकलेला नाही ना, आरसे जागेवर आहेत का हे तपासावे, आणि त्या दिवशी उरलेला रस्ता रांगेत राहूनच पार करावा.