प्रोस्टेटचं रोबोटिक ऑपरेशन ठरलंय? घरची तयारी अशी करा

गेल्या वर्षी ह्यांचं प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन पुण्यात झालं. त्यात ती ग्रंथी काढून टाकतात. तेव्हापासून सांगलीतल्या ओळखीतून पाच-सहा जणींचे फोन आले, "ताई, काय काय तयारी केलीत?" प्रत्येकीला जे सांगते तेच इथे सलग लिहितेय. आमची सगळी तयारी ऑपरेशनच्या दिवसापुरती होती आणि खरी कसोटी लागली ती पुढच्या तीन महिन्यांत, म्हणून माझा जोर तिकडे जास्त आहे.

सगळ्यात आधी घाई सोडा. कॅन्सर म्हटलं की उद्याच काढून टाका असं वाटतं. पण तो प्रोस्टेटच्या आतच असेल तर विचार करायला काही आठवडे हाताशी असतात, आणि बायोप्सीनंतरची सूज उतरावी म्हणून डॉक्टरही बहुधा सहा-आठ आठवडे थांबतात. तेवढ्यात पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), एमआरआय आणि बायोप्सीचे रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलमध्ये लावा. ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा बायोप्सीतला आकडा, किती आहे ते स्वतः वाचा. तो ६ असेल तर ऑपरेशन न करता नुसत्या नियमित तपासण्यांवर राहता येईल का, हे विचाराच. रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटून या. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुष देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागले होते. १५ वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत शंभरातले साधारण ९७ जण या कॅन्सरने दगावलेले नव्हते. हे समजलं त्या रात्री आमच्या घरी सगळे नीट जेवले. ह्यांचा स्कोअर ७ होता. दोन्हीकडचं ऐकून आम्ही ऑपरेशन निवडलं.

रोबोट म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं, यंत्रच कापणार. तसं नसतं. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलाशी, बसून हात चालवतात, यंत्र त्यांच्याच हालचाली आत बारीक करून नेतं. आपल्या मनाने ते काही करत नाही. म्हणून यंत्राचं मॉडेल विचारण्यापेक्षा सर्जननी अशी किती ऑपरेशनं केलीत, वर्षाला किती करतात, हे विचारा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पोट उघडून केलेलं आणि रोबोटने केलेलं ऑपरेशन यांची समोरासमोर तुलना झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. तेव्हा रोबोट परवडत नाही म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नका.

दुसरा प्रश्न नसांचा. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी ताठरतेच्या नसा जातात. त्या वाचवता येतील का, एका बाजूच्या की दोन्ही? हे ह्यांना विचारवेना, शेवटी मीच विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वीर्य यापुढे येणार नाही, ताठरता परत यायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात, आणि तरी पूर्वीसारखी येईलच असं नाही, औषधं आहेत. त्या संध्याकाळी आम्ही दोघं बराच वेळ बोललो. नवरा-बायकोंनी हे बोलणं ऑपरेशनच्या आधीच करावं असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं आमचं चुकलं. विमा नियामकांनी २०१९ मध्ये रोबोटिक सर्जरी विम्यातून वगळायची नाही असं ठरवलं, पण तिच्यावर कमाल मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना ठेवली. आमच्या पॉलिसीतली ती ओळ आम्ही ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी वाचली आणि एक एफडी मोडावी लागली. एस्टिमेट हातात आलं की त्याच दिवशी पॉलिसी काढून बसा.

औषधांची यादी कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना द्या, आयुर्वेदिक काढ्यांसकट. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंट असेल तर मुळीच नाहीत. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बहुधा तीन दिवस आधी थांबवतात, त्याबद्दल आठवणीने विचारा. काचबिंदू असेल तर तेही सांगा, कारण या ऑपरेशनमध्ये डोकं खाली आणि पाय वर अशा उतारावर काही तास ठेवतात आणि डोळ्यांवर दाब येतो. तंबाखू, सिगारेट आजपासून बंद.

आणि लघवीवर ताबा यावा म्हणून व्यायाम. वारा अडवताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, सोडायचा. मांड्या, पोट, श्वास मोकळे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, कारण ह्यांनी पहिले आठ दिवस नुसतं पोट आवळलं होतं. महिनाभर आधी सुरुवात केली तर नंतर खूप सोपं जातं. ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी असेपर्यंत मात्र हा व्यायाम करायचा नाही.

घरात कमोड हवा. दोन-तीन लुंग्या धुवून ठेवा, कारण नळीवर पायजमा चढत नाही. इसबगोल आणून ठेवा, कुंथायचं नाही. खोकताना, शिंकताना पोटाशी धरायला एक छोटी उशी. दवाखान्यातून बहुतेक दोन-तीन दिवसांत सोडतात. पोटावर सहा बारीक छेद असतात, त्यातला ज्यातून ग्रंथी काढतात तो जरा मोठा. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, त्याला घाबरू नका. चालायचं रोज, पण पिंडरी सुजली किंवा ताप आला तर लगेच फोन करा. भरलेली बादली, सिलिंडर चार-सहा आठवडे उचलायचं नाही.

नळी सात ते दहा दिवस असते. घरी आल्यावर पहिल्या रात्री मी पिशवी खिडकीच्या हुकला टांगली, दिसायला बरी. तासाभराने हे म्हणाले, "अगं, पोट फुगल्यासारखं वाटतंय." पिशवीत थेंबही वाढला नव्हता. नर्सना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "काकू, पिशवी कमरेच्या खाली ठेवा." पलंगाच्या पायाशी एका रिकाम्या बादलीत ठेवली आणि दोन मिनिटांत नळी वाहू लागली. नळीला कुठे पीळ नाही ना, मांडीला टेपने नीट लावलीय ना, हे उठता-बसता बघा. लघवी थोडी लालसर दिसू शकते. गाठी आल्या किंवा खाली ठेवूनही पिशवी भरायची थांबली तर वाट बघत बसू नका. आम्ही तिसऱ्या दिवशी गाडीने सांगलीला आलो, वाटेत पायाची छोटी पिशवी काठोकाठ भरली आणि मोठी डिकीत सामानाखाली. नळी निघेपर्यंत पुण्यातच भाच्याकडे राहायला हवं होतं.

नळी काढायला जाताना पॅड, जादा अंतर्वस्त्रं आणि गडद रंगाची पँट सोबत न्या. नळी निघाल्याबरोबर लघवी गळते, जवळजवळ सगळ्यांनाच. ह्यांनी वहीत रोज किती पॅड लागले ते लिहिलं. पहिल्या आठवड्यात पाच, महिन्याने तीन, तिसऱ्या महिन्यात एक. मधे आठ दिवस आकडा हललाच नाही तेव्हा ह्यांनी वही फेकली होती. मी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. त्याच वहीत पुढची पीएसए कधी करायची तेही लिहून ठेवा. सहा आठवडे ते तीन महिन्यांत ती करतात आणि ०.१ च्या खाली यायला हवी. आणि काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट मागून घ्या, त्यात कडा साफ आहेत का, म्हणजे कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही ना, ते डॉक्टरांकडून समजून घ्या आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.