सर्पविषाची अ‍ॅलर्जी: सर्पमित्रांनी काय ओळखावे, काय करावे

एक-दोन दंश पचवलेल्या सर्पमित्राला पुढचा दंश बाधत नाही, असे नागपूरच्या वस्त्यांमध्ये आजही ऐकू येते. वस्तुस्थिती उलटीही असू शकते. सर्पविष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण आहे, आणि पहिल्या संपर्कानंतर काहींच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारी) प्रतिपिंडे तयार होतात; पुढच्या वेळी विष नगण्य गेले तरी काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. सुकलेल्या विषाची भुकटी श्वासावाटे जाऊनही अशी अ‍ॅलर्जी जडू शकते.

नाग किंवा मण्यार यांच्या विषाने पापण्या जड व्हायला सहसा अर्धा तास ते काही तास लागतात. अ‍ॅलर्जीत मात्र दंश बोटाला झालेला असताना पोटावर, पाठीवर गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, छातीत घरघर सुरू होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. घोणशीच्या विषानेही रक्तदाब लवकर कोसळू शकतो, त्यामुळे अंतिम निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

अशी लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेण्याची आपल्याकडची रीत येथे घातक ठरू शकते. खरे औषध अ‍ॅड्रेनालिन: प्रौढांना मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम, आणि गरज भासल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपुरातील मोठ्या रुग्णालयांचाच हट्ट न धरता, हे इंजेक्शन जिथे लवकर मिळेल तिथे आधी पोहोचावे.

तिथे पूर्वीचे दंश, पूर्वी घेतलेले प्रतिविष आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांची माहिती न विचारता द्यावी, कारण बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो. अ‍ॅड्रेनालिन विष उतरवत नाही आणि प्रतिविष अ‍ॅलर्जी थांबवत नाही; विषबाधेची लक्षणे असतील तर दोन्ही लागतात. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, म्हणून त्याचीही अ‍ॅलर्जी येऊ शकते, मात्र त्या भीतीने ते नाकारणे हा शहाणपणा नव्हे. आधी त्वचेवर चाचणी घेण्याचा आग्रहही धरू नये. त्या चाचणीवरून पुढची प्रतिक्रिया सांगता येत नाही.

प्रतिविष घेऊन घरी आल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर गांधी आल्यास पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.