एअरगनचा आवाज कमी करताय? नळीच्या तोंडाशी अडकू नका, या चुका टाळा

खालच्या मजल्यावरच्या काकू एका रविवारी जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे रोज सकाळी नारळ कोण फोडतं?" लेकीचा एअर रायफलचा घरचा सराव तेव्हा नुकताच सुरू झाला होता. हॉल आणि आतल्या खोलीचं दार एका रेषेत आहे, म्हणून स्पर्धेतले दहा नाही तरी सात मीटर मिळत होते. काकूंची माफी मागितली, आणि त्याच रात्री बंदुकीच्या तोंडाला काय बसवता येईल ते शोधायला बसलो. चूक नंबर एक. घरी सराव करणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

काकू "फट्" म्हणाल्या नव्हत्या, "नारळ" म्हणाल्या होत्या. निदान त्यांनी तेव्हाच केलं होतं. मला ते कळायला तीन आठवडे लागले.

आवाज कुठला, हे न ऐकताच उपाय करणं

एअरगनचे आवाज तीन. छर्रा नळीबाहेर पडला की त्याच्यामागची दाबलेली हवा एकदम मोकळी होते, तो पहिला. बंदुकीच्या पोटातला दुसरा: स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे जाऊन आदळतो. तिसरा छर्रा जिथे थांबतो तिथला. नळीला लावायचं मॉडरेटर, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ते, फक्त पहिल्यावर चालतं. सिलिंडरमधल्या हवेवर चालणाऱ्या जोरदार पीसीपी बंदुकीत पहिला आवाज मोठा असतो. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत मात्र हवा थोडीच असते. तिथे दुसरा आणि तिसराच आवाज घर डोक्यावर घेतात.

मोबाइलवरच्या डेसिबलच्या ॲपवर इथे विसंबू नका. शॉटचा कडाका काही मिलिसेकंदांत संपतो. साधं ध्वनिमापक यंत्रसुद्धा त्याच्या 'फास्ट' सेटिंगवर सव्वाशे मिलिसेकंदांची सरासरी काढतं, आणि फोनचा माइक तर मोठ्या आवाजाला वरचा भाग कापूनच टाकतो. त्यापेक्षा कान बरे. एकाने शॉट मारायचे आणि दुसऱ्याने जिथून तक्रार आली तिथे जाऊन उभं राहायचं. मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. वर लेक शॉट मारत होती. बंदुकीचा आवाज अजिबात येत नव्हता. पण प्रत्येक शॉटला छतातून "ठक्" उतरायचं आणि मांडणीतली एक ताटली शेजारच्या ताटलीवर किणकिणायची. काकू माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत.

एक मात्र करू नका. यंत्राचा आवाज वेगळा ऐकायचा म्हणून स्प्रिंगची बंदूक रिकामी झाडू नका. छर्रा नसला तर पिस्टनपुढे हवेची उशी तयार होत नाही. तो धाडकन टोकाला आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

सायलेन्सर मागवणं

इंग्लंडमध्ये शेतातले ससे आणि कबुतरं मारायला 12 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 16 ज्यूल जोराच्या (ज्यूल हे छर्ऱ्याच्या ऊर्जेचं माप) पीसीपी बंदुका वापरतात. त्यांच्यावर मॉडरेटर ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. आतल्या कप्प्यांत हवा टप्प्याटप्प्याने पसरते आणि फटका बोथट होतो. तिथल्या लोकांचीही नेहमीची तक्रार एकच: नळी आणि मॉडरेटर एका रेषेत नसले तर छर्रा आतल्या पडद्याला घासतो आणि निशाणा विस्कटतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. 4.5 मिमी व्यासाच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण 1959 च्या शस्त्र अधिनियमातली अग्निशस्त्राची व्याख्या फार कमी लोक वाचतात. स्फोटकाशिवाय इतर ऊर्जेवर चालणारी शस्त्रंही तिच्यात येतात, आणि आवाज किंवा बार उडतानाची चमक कमी करण्यासाठी बनवलेली जोडसाधनंही तिच्यातच आहेत. तेव्हा "फक्त एअरगनसाठी" असं लिहून कुणी ऑनलाइन विकत असलं, तरी त्या वाटेला जाऊ नका. घरी काही जोडून बनवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. आणि ज्या सरावासाठी आपण हे सगळं करतोय त्याला ते लागतही नाही. स्पर्धेची रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने सोडते, म्हणजे साधारण साडेसात ज्यूल. तिचा तोंडचा आवाज बंद दाराआड विरून जातो.

पत्र्याचा ट्रॅप भिंतीला ठोकणं

हाच आमचा नारळ. क्रीडासाहित्याच्या दुकानातून आणलेला पत्र्याचा, नरसाळ्यासारखा ट्रॅप, म्हणजे छर्रे अडवणारा डबा, मी चार स्क्रूंनी भिंतीत घट्ट बसवला होता. छर्रा पत्र्यावर आदळायचा, पत्रा वाजायचा, आणि स्क्रूंमधून तो ठोका भिंतीत, भिंतीतून स्लॅबमध्ये जायचा. हवेतून गेलेला आवाज दार लावलं की अडतो. काँक्रीटमधून गेलेला अडत नाही, खाली बरोबर पोचतो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ट्रॅप भिंतीपासून सोडवणं. आम्ही लाकडी चौकट करून घेतली. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांवर ट्रॅप टांगला आणि चौकटीच्या पायांखाली योगा मॅटचे दुमडलेले तुकडे सरकवले. मागे जाड प्लायवुड आणि त्यावर जुनी गोधडी, कारण नेम चुकणारच. एवढ्यानेच खालची ताटली गप्प झाली.

उरला पत्र्याचा खणखणाट. त्यासाठी छर्ऱ्याला पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. उथळ लाकडी खोक्यात, मागे लोखंडी पट्टी ठेवून, पुढे पाच सेंटिमीटर जाडीचा मऊ लगदा भरायचा. इथे मी आणखी एक चूक केली. काचा बसवायचं लुकण स्वस्त मिळतं म्हणून तेच भरलं. लुकण म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. ते हळूहळू वाळतं, वाळण्यासाठीच तर असतं. काही महिन्यांनी दाराजवळ जमिनीवर एक चपटा झालेला छर्रा सापडला. तो तिथे चालत आलेला नव्हता. त्या दिवशी खोकं रिकामं केलं आणि मुलांची न वाळणारी तेलकट क्ले भरली. आता "थप्प" एवढंच ऐकू येतं, ओल्या कणकेवर बोट मारल्यासारखं. उन्हाळ्यात ती सैल पडून खाली ओघळते, म्हणून मधूनमधून उलथून पुन्हा थापावी लागते. ती क्ले परत मुलांच्या हाती द्यायची नाही, कारण तिच्यात छर्ऱ्यांचं शिसं मिसळलेलं असतं. ट्रॅपभोवती झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. सरावानंतर हात साबणाने धुवायचे. डोळ्यांना चष्मा, घरच्या सरावातही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळू भरायचा सल्लाही पुष्कळ जण देतात. भोक मोठं झालं की वाळू गळते, आणि आठवड्यात घरभर धूळ.

तेल घालून आवाज कमी होईल असं समजणं

शिलाई मशीनचं तेल सगळ्या कुरकुरीवरचं औषध, ही आपल्या घराघरांतली श्रद्धा. स्प्रिंगच्या बंदुकीत नळीमागच्या छिद्रातून ते दोन थेंब सोडले की पुढचा शॉट लवंगी फटाक्यासारखा वाजतो, निळसर धूर येतो आणि जळका वास सुटतो. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तसंच. याने सील फाटू शकतो. नव्या बंदुकीत कारखान्यातल्या तेलामुळे सुरुवातीला थोडं असं होतं आणि आपोआप थांबतं. त्यावर आणखी तेल ओतू नका.

शॉटनंतर "टंग्ग" असा झंकार रेंगाळत असेल, तर आतली स्प्रिंग तिच्या गाइडवर, म्हणजे तिला सरळ धरणाऱ्या दांड्यावर, सैल बसलेली आहे. घट्ट बसणारा गाइड आणि जाड ग्रीस लावलं की तो जातो. पण दाबलेली स्प्रिंग घरी उघडू नका. ती सुटली की तोंडावरच येते. हे काम कारागिराचं.

डब्यावरचा वेग बघून छर्रे घेणं

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छर्ऱ्याला तो गाठायला तीस ज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे विनापरवाना बंदुकीच्या मर्यादेबाहेर. पण मिश्रधातूचा एक तृतीयांश ग्रॅमचा छर्रा वीस ज्यूलमध्येच तिथवर जातो, आणि मग हवेतच चाबकासारखा कडाका उठतो. त्यावर कुठलंच मॉडरेटर चालत नाही. साधे, जड, शिशाचे छर्रे घ्या. नेमही त्यांचाच सरळ लागतो.

अंड्यांचे ट्रे आणि फोम भिंतीला चिकटवणाऱ्यांसाठी एवढंच: त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही. ते पैसे दाराखालच्या फटीत रबरी पट्टी बसवायला वापरा.

पुढे आम्ही स्पर्धेची, कमी जोराची पीसीपी घेतली आणि शॉटचा आवाज आणखी उतरला. पण तिला हवा भरायचा छोटा कंप्रेसर घरात चालू केला, तेव्हा काकू पुन्हा वर आल्या. आता सिलिंडर क्लबवरूनच भरून आणतो. एका भरण्यात दोनशेहून जास्त शॉट निघतात, आठवड्याच्या घरच्या सरावाला पुरतात.