रोव्हर फ्लोटवरच अडकतो? मोजणीतल्या या चुका टाळा

जीपीएसनं शेत मोजताना एका जागी उभा राहतो तो बेस, हातात घेऊन फिरतो तो रोव्हर. रोव्हरची जागा पक्की झाली की फिक्स, अंदाजे राहिली की फ्लोट. पाच मिनिटं फिक्स मिळाला नाही की नवी पोरं आभाळाकडे बोट दाखवतात. "भाऊ, वरून स्टारलिंक जाऊन रायलं असंन." ऐकून ऐकून कान किटले. स्टारलिंकचं इंटरनेट खाली येतं ते 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्झवर आणि जीपीएसचा एल1, म्हणजे मुख्य सिग्नल, आहे 1575.42 मेगाहर्ट्झवर. खरा शेजारी म्हणजे सॅटेलाइट फोनचं इरिडियम, 1616 ते 1626.5 मेगाहर्ट्झ. त्याचे उपग्रह 780 किलोमीटरवर, जीपीएसचे 20,200 वर. एवढ्या लांबून आलेला सिग्नल रिसीव्हरच्या खरखरीतच बुडालेला असतो, त्यामुळे धड फिल्टर नसलेला अँटेना शेजारच्या जोरदार सिग्नलनं बधिर होऊ शकतो. तसला स्वस्तातला अँटेना मी बेसला लावतच नाही.

पण आभाळातला त्रास वीस पावलं सरकल्यानं कमी होत नाही. जागा बदलताच सुधारलं, तर चोर जवळच आहे.

दारव्ह्याकडच्या एका शिवारात, तुरीच्या वावरात आमचे अडीच तास गेले. बॅटरीची वायर पुरावी म्हणून पोरानं बेस जीपला खेटून उभा केला होता. रोव्हर चारदा बंद-चालू करून झाला. मग म्हणे, "फ्लोटवरच घेऊन टाकू, वीतभरानं काय होते?" दोन भावांमधला धुरा होता तो! वीतभरावरूनच तर त्यांचं बोलणं बंद झालं होतं.

बेसच्या स्क्रीनवर उपग्रह अठरा दिसत होते, पण एल1 च्या ताकदीचे आकडे तिशीत. एरवी पंचेचाळीसच्या आसपास असतात. मी एकेक वस्तू बंद करत गेलो. मोबाइलचा चार्जर काढला, फरक नाही. काचेवरच्या कॅमेऱ्याची वायर उपसली आणि आकडे चढले: 33, 38, 44. मिनिटभरात रोव्हरला फिक्स.

तेव्हापासून बेस गाडीपासून वीस पावलांवर, स्वतःच्या बॅटरीवर. सगळं बंद ठेवून आधी एल1 चे आकडे वहीत लिहितो, मगच एकेक वस्तू चालू करतो. दहा मिनिटं जातात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी लोकांच्या धुऱ्याला हात लावू नये.

सोलर पंपाच्या कंट्रोलरजवळ बेस मांडू नका.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस बुडाल्यावर काम ताणू नका. तेव्हा आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळतो आणि चांगला अँटेनाही उपयोगी पडत नाही.

आणि फ्लोटवर खुंटी ठोकली गेलीच, तर दुसऱ्या सकाळी जाऊन ती उपटा, फिक्सवर पुन्हा ठोका. त्या फेरीचे पैसे शेतकऱ्याकडून मी घेत नाही.