पोर्शे ९४४ चे सेन्सर बदलताना या चुका टाळा

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, की लोक थेट सेन्सर मागवतात. आधी डीएमईचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) रिले बदलून पाहा. जुन्या रिलेतलं सोल्डर तडकतं आणि लक्षणं अगदी सेन्सर गेल्यासारखी दिसतात. रिले ठीक असेल तर सेल्फ मारताना टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा, बघा. काटा जरासा थरथरला तर इंजिनचा वेग मोजणारा स्पीड सेन्सर जिवंत आहे. मात्र क्रँकची स्थिती सांगणाऱ्या रेफरन्स सेन्सरबद्दल काटा काहीच सांगत नाही.

हे दोन्ही सेन्सर इंजिनच्या मागे, फायरवॉलजवळ, बेलहाऊसिंगवरच्या (फ्लायव्हील-क्लचच्या कवचावरच्या) एकाच ब्रॅकेटमध्ये बसतात. दोन्ही हुबेहूब एकसारखे, त्यामुळे प्लगची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक. अदलाबदल झाली की गाडी सुरूच होणार नाही. काढण्याआधी दोन्ही वायरींना वेगळ्या रंगाची टेप लावा. प्लगची तारेची क्लिप उडून खाली हरवते, तेव्हा हाताशी चुंबक असू द्या.

मोजमाप प्लग काढून, सेन्सरच्या बाजूने घ्यायचं. कॉइलच्या दोन पिनांमध्ये ६०० ते १६०० ओहम यायला हवेत. तिसरी पीन शील्डची, तिच्याशी कुठलाही संपर्क दिसता कामा नये. अडकलेला सेन्सर पक्कडीने पिळलात तर प्लास्टिक तुटून अर्धा भाग ब्रॅकेटमध्येच राहतो. भेदक तेल मारून थांबा, मग हळूहळू फिरवत काढा.

आता गॅप. स्पीड सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हीलच्या दातांमध्ये ०.८ मिमी अंतर हवं. टोकाला तेवढ्याच जाडीचा वॉशर चिकटवा, दाताला टेकेपर्यंत ब्रॅकेट खाली आणा आणि घट्ट करा. मग सेन्सर बाहेर काढून वॉशर सोडवा. वॉशर आत पडला तर पुढचं काम कितीतरी पटीने वाढतं, म्हणून चिकटवण्यात कंजुषी नको.

कूलंट टेम्परेचर सेन्सरची गोष्ट वेगळी. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि डीएमईचा वेगळा. काटा नीट चालतो म्हणून डीएमईचा सेन्सर चांगला, असं नाही. तो दोन पिनांचा असतो. मॅन्युअलमध्ये २० अंशांना सुमारे २५०० ओहम लिहिलेलं आढळतं, पण मुंबईतल्या गॅरेजमध्ये २० अंश सापडणार कुठे? ३० अंशांना सुमारे १७०० ओहम हे बरोबर रीडिंग आहे. ८० अंशांना साधारण ३२०. हे न पाहता चांगले सेन्सर फेकले जातात.

समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे आधी खराब होतात त्या पिना. हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रशने घासा, मग पुन्हा मोजा. इन्सुलेशन कडक होऊन चिरलं असेल तर नवा सेन्सर बसवूनही पावसात तोच त्रास परत येईल. अशा वेळी वायर बदला.

कूलंट सेन्सर इंजिन थंड झाल्यावरच काढा आणि नवा अॅल्युमिनियमच्या आट्यात आधी हाताने फिरवा. पाणी भरल्यावर पुढच्या ब्लीड स्क्रूमधून हवा काढा. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकला तर रीडिंग चुकतं आणि नव्या सेन्सरवर संशय जातो.