लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात कला हा मेजर (मुख्य विषय) घेताना

अमेरिकेतल्या अशा कॉलेजात, म्हणजे जिथे एकाच विषयाऐवजी अनेक विषयांचं व्यापक शिक्षण देतात तिथे, सहसा बीए मिळते, बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, खास कलेची पदवी) नाही. बीएफएत साधारण दोन-तृतीयांश अभ्यास कलेचा. इथे चार वर्षांतल्या 32 कोर्सपैकी 10-12 कलेचे, त्यातही दोन-तीन कलेतिहासाचे.

मेजर जाहीर करायला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षअखेरपर्यंत मुदत असते. तेवढं थांबू नका. पहिल्याच सत्रात ड्रॉइंग घ्या, कारण पुढचे बरेच स्टुडिओ कोर्स (प्रत्यक्ष कलाकाम करायचे वर्ग) त्यावाचून अडतात आणि वर्गात जागा पंधराएक. नाव प्रतीक्षायादीत असलं तरी पहिल्या तासाला जाऊन बसा, गळती होतेच. एका सत्रात दोन स्टुडिओ पुरेत, तिसरा घेतला की इतर विषयांचे निबंध रखडतात.

प्रवेशाला पोर्टफोलिओ (तुमच्या निवडक कलाकामाचा संच) बहुधा ऐच्छिक, पण द्याच. कोळशाच्या चित्राचा फोटो फ्लॅशने काढलात तर गडद काळा भाग चकाकून राखाडी दिसतो. ढगाळ उजेडात चित्र भिंतीला सपाट टाचा, कॅमेरा बरोबर त्याच्या मध्याच्या उंचीवर धरा. जरा कलला की कागदाचा समलंब चौकोन झालाच!

कॉलेजचं संग्रहालय असेल तर ते वापरा. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या ॲलन संग्रहालयातून विद्यार्थी मूळ कलाकृती सत्रभर खोलीत भाड्याने नेतात.