जुन्या गेमिंग पीसीत नवे पार्ट टाकताना या चुका टाळा

कोऱ्या पार्टांचा पीसी पहिल्यांदा जोडताना माणूस जपून वागतो. व्हिडिओ दोनदा बघतो, मॅन्युअल उघडतो, प्रत्येक स्क्रू विचार करून फिरवतो. मोठं नुकसान होतं ते दोन-तीन वर्षांनी, अपग्रेड करताना. तोवर हात सरावलेला असतो, पार्ट संध्याकाळी घरी आलेला असतो आणि त्याच रात्री गेम खेळायचा असतो. नवा पार्ट सहसा चांगलाच असतो. घोळ होतो तो जुनं आणि नवं जिथे एकमेकांना जोडलं जातं तिथे.

उदाहरणासाठी नेहमी दिसणारं मशीन घेऊ: बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० किंवा ३६०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. बोर्ड तोच ठेवून रायझन ७ ५७००एक्स३डी, १६ किंवा ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ४०७० च्या तोडीचं कार्ड इथपर्यंत हे मशीन नेता येतं. वाटेत लोक जिथे हमखास अडखळतात त्या जागा या.

एसएमपीएस नवा, केबल जुन्याच

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा; मॉड्युलर असेल तर त्याच्या केबल सुट्या निघतात. अशा केबलचं पार्टाकडचं टोक ठरलेल्या प्रमाणाचं असतं. हार्डडिस्क-एसएसडीला वीज देणारा साटा प्लग जगात कुठेही सारखाच. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कसलंही प्रमाण नाही. कोणत्या पिनवर १२ व्होल्ट, कोणत्या पिनवर ५, ग्राउंड कुठे, हे जी ती कंपनी ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा क्रम वेगळा असू शकतो. आणि प्लग चुकीचा असूनही पुष्कळदा व्यवस्थित बसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

प्रसंग बहुतेक वेळा एकाच साच्यात घडतो. मोठं कार्ड आलं म्हणून ५०० वॅटच्या जागी ७५० वॅटचा एसएमपीएस आणला. मागच्या बाजूच्या केबल झिप टायने नीट बांधलेल्या, त्या सोडवायचा कंटाळा. २४ पिनची आणि ग्राफिक्सची केबल नवी लावली, पण हार्डडिस्क आणि एसएसडीकडे जाणारी साटा केबल तशीच ठेवून तिचं दुसरं टोक नव्या डब्यात खोचलं. बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरून थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करपल्याचा वास आला. मग संशय कुणावर? नव्या ग्राफिक्स कार्डवर. कार्ड काढून जुनं लावलं, तरी तेच. दोन तास कार्ड आणि रॅम काढघाल करण्यात गेले, आणि शेवटी कुणीतरी साटा केबल उपटली तेव्हा पीसी लगेच चालू झाला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्र दोन्ही ड्राइव्ह गायब.

आत काय झालं? अडीच इंची साटा एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. त्या तारेत १२ व्होल्ट आले की तिचं सर्किट तिथेच जळतं. हार्डडिस्कच्या बोर्डवर पुष्कळदा एक संरक्षक डायोड असतो. जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीच्या बोर्डला वाचवतो. तो शॉर्ट दिसला की एसएमपीएस स्वतःला बंद करतो, पंखे अर्धा फेरा फिरून थांबतात ते त्यामुळे. डायोडच गेला असेल तर जाणता टेक्निशियन तो काढून डेटा बाहेर काढू शकतो. तेव्हा अशी डिस्क भंगारात टाकू नका आणि पुन्हा पुन्हा बटणही दाबू नका. वॉरंटीत हे नुकसान धरलं जात नाही. वीस मिनिटांचं केबल ओढण्याचं काम वाचवायला घरातले सगळे फोटो पणाला लावणं मला अजिबात पटत नाही.

माझी पद्धत साधी आहे. जुना एसएमपीएस बाहेर येतो तेव्हा त्याची एकूण एक केबल त्याच्यासोबत बाहेर येते, झिप टाय कापावे लागले तरी. केबल पिशवीत, पिशवीवर मार्करने मॉडेलचं पूर्ण नाव. सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस मूळ केबलशिवाय कितीही स्वस्त मिळत असला तरी घ्यायचा नाही.

कूलर ओढला आणि प्रोसेसर हातात आला

एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बी४५० सारख्या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत, पिना प्रोसेसरला असतात, १३३१ बारीक पिना. सॉकेटची दांडी लावलेली असली तरी प्रोसेसर वरून दाबून धरणारं काही नसतं. पिनांची पकड तेवढी असते. एएमडीच्या डब्यातल्या कूलरला कंपनीतूनच उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली येते आणि तीन-चार वर्षांत ती वाळून चिकट होते. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेट सोडून कूलरला चिकटलेला वर येतो. तो टेबलावर किंवा फरशीवर आपटला तर कडेच्या ओळीतल्या पिना वाकतात.

घाई न करता हे काम असं होतं. आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवा, पेस्ट गरम होऊन सैल पडते. बंद करा, मागचा स्विच बंद करून प्लग काढा. स्क्रू आलटून पालटून, एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा, असे सैल करा. मग कूलर वर उचलायचा नाही, आधी फिरवायचा. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, अगदी कमी कोनात. पकड सुटल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच उचला.

तरीही प्रोसेसर चिकटून आलाच तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने कूलरचं बूड कोमट करा, प्रोसेसर कडांना धरून फिरवत सोडवा. पिन वाकली असेल तर शिसं काढलेल्या ०.७ मिमीच्या पेन्सिलचं पोकळ टोक पिनवर चढवून ती हळूच सरळ करा. एका दमात सरळ करायला गेलात तर मोडेल. बसवताना दांडी पूर्ण वर, सोनेरी त्रिकोण जुळवलेला, आणि प्रोसेसर आपल्या वजनाने आत गेला पाहिजे. दाबावा लागत असेल तर एखादी पिन अजून वाकडी आहे.

एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या आणि इंटेलच्या नव्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, म्हणून धोका बोर्डाला. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिक झाकण फेकू नका. बोर्ड वॉरंटीला देताना ते लागतं आणि वाकलेली पिन दिसली की क्लेम नाकारतात.

बायोस आधी, प्रोसेसर नंतर

बी४५० वर जुना बायोस असेल तर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि लोक प्रोसेसर खराब म्हणून परत पाठवतात. जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच अपडेट करायचं. बोर्डाच्या मॉडेलचं पान उघडा, प्रोसेसरच्या यादीत आपल्याला हवा त्याच्यासमोर किमान आवृत्ती लिहिलेली असते. बोर्डावर छापलेली रिव्हिजनही तपासा. फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि अपडेट बायोसच्या आतून करा, विंडोजमधून नको. मधली एखादी आवृत्ती आधी टाकायला सांगितली असेल तर ती टाकाच.

इथे एक गोष्ट फार जण विसरतात. विंडोज ११ मध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हमधला डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असू शकतं, तुम्ही स्वतः कधी सुरू केलेलं नसलं तरी. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का असं विचारतो, वाय की एन. घाईत वाय दाबलं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हमधलं काही मिळत नाही. म्हणून आधी ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, फोनचा फोटो पुरेसा धरू नका.

वॅटचा आकडा डब्यावर, सत्य लेबलवर

कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १६ असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात, आणि आरटीएक्स ४०७० एकटंच २०० वॅट घेतं. चांगल्या ६५० वॅटच्या लेबलवर हाच आकडा ५४ अँपिअरच्या आसपास असतो. ८० प्लसचं ब्राँझ-गोल्ड हे वीज किती वाया जाते त्याचं मोजमाप आहे, टिकाऊपणाचं प्रमाणपत्र नव्हे.

लक्षण ओळखायला सोपं आहे: व्हिडिओ तासन्तास चालतात, गेम सुरू केला की पाच मिनिटांत पीसी रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला. कुणामुळे, ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून कार्ड वॉरंटीला पाठवायच्या आधी दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा. आणि यूपीएसही बघा. घराघरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. एवढं मोठं मशीन त्यावर टाकलं तर लाइट गेल्या क्षणी तो बीप करून हात वर करतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? बहुतेक वेळा एसएमपीएस खराब नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. आत येणाऱ्या विजेच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज जाणवतं. करंट अगदी कमी असतो, पण एचडीएमआय आणि यूएसबी लावता-काढताना पोर्ट जाऊ शकतात. मल्टिमीटरने फेज ते अर्थ बघा, २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. नसेल तर वायरमनला बोलवा. टू-पिन कन्व्हर्टर लावून भागवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, तो आजच काढा.

रॅमचं

एकच ८ जीबीची स्टिक असेल तर सिंगल चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममध्ये एकच रस्ता, आणि रायझनला ते जाणवतं. बोर्डाला चार खाचा असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी लावल्या तर १६ जीबी दिसतात, पण चॅनेल एकच राहतं. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावते. बायोस अपडेट केल्यावर हे सेटिंग पुन्हा बंद होतं, म्हणजे पुन्हा जाऊन चालू करायचं. जुन्या स्टिकला वेगळ्या कंपनीची नवी जोडताना मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा निदान एक पूर्ण फेरा चालवा. एरर एकही आला तर वेग एक पायरी खाली आणा.

एएम५ वर गेलेल्यांसाठी: डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी जुळवून घेते. स्क्रीन काळी, डीरॅमचा दिवा पेटलेला, आणि हे काही मिनिटं चालतं. पंधरा मिनिटं हात लावू नका. दर मिनिटाला बटण दाबून बंद करणारा माणूस तेच ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करत बसतो.

बाकीचं, थोडक्यात

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर विंडोजमध्ये जाऊन १४४ निवडा, आपोआप होईलच असं नाही.

नवी एम.२ ड्राइव्ह (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी एसएसडी) लावली आणि जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली, तर काही बिघडलेलं नाही. पुष्कळ बोर्डांत एम.२ ची खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये कोणते ते लिहिलेलं असतं, केबल दुसऱ्या पोर्टात लावा.

आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बी४५० वर घेऊ नका. त्या कार्डाला बोर्डाशी डेटा देवाणघेवाण करायला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत, बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या, तिसऱ्या पिढीचा, आणि कार्डाची मेमरी ४ जीबी. मेमरी भरली की अडकत अडकत चालतं.

मोठ्या कार्डाला आठ-पिनच्या दोन वीजजोडण्या असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. एएमडीवरून एनव्हिडियावर जाताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने पुसा.

ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे समोर बंद काच असलेलं कॅबिनेट घेणाऱ्याने पुढे कूलरवर कितीही खर्च केला तरी तापमान खाली येणार नाही. समोर जाळी असलेलंच घ्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ट्रे प्रोसेसर (डब्याशिवाय सुटा विकला जाणारा) स्वस्त मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण वॉरंटी दुकानदार देतो, डब्यातल्या प्रोसेसरसारखी कंपनी नाही. बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

सिक्युअर बूट चालू केलं आणि विंडोज उघडेना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखे गेम टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं बायोसचं सेटिंग) मागतात. त्यामुळे ही चूक आता रोजची झाली आहे. विंडोज वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, बंद केलं की ती डिस्क बूटच होत नाही. घाबरून विंडोज नव्याने टाकू नका. सीएसएम पुन्हा चालू करा, विंडोजमध्ये जा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे एमबीआर लिहिलं असेल तर आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर चालू असेल तर तो सस्पेंड करा. मग डिस्क नव्या जीपीटी मांडणीत नेणारं विंडोजचंच एमबीआर-टू-जीपीटी टूल ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, पहिल्यांदा फक्त तपासणीच्या पर्यायाने, ती पास झाली तरच रूपांतर. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम बंद, मग सिक्युअर बूट चालू. तरी विंडोज ते बंद दाखवत असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूटच्या फॅक्टरी कीज लोड करायच्या राहिल्या आहेत.